दसऱ्यानंतर करू

माझ्या नवऱ्याने आजारपणात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि ती मी दिली नाही. मागणं काही मोठं नव्हतं. एका रविवारी सकाळी जर्मन सॉसेज, प्रेत्झेल नावाचा गाठ मारलेला खारा पाव आणि ग्लासभर बिअर, घरी, आपल्या जेवणाच्या टेबलावर. मी म्हटलं, दसऱ्यानंतर करू. दसरा दोन दिवसांवर आला असताना तो गेला.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी आशा लावून बसायला नको. तोंडी सांगायला गेलं की लोक लगेच माझी समजूत काढायला लागतात. त्याला कुठे काय कळत होतं, तू त्याच्या भल्यासाठीच म्हणालीस, असलं काहीतरी. शेवटचे चार दिवस सोडले तर त्याचं डोकं माझ्यापेक्षा साफ चालत होतं. मला समजूत नको होती. मला एवढंच हवं होतं, की त्याच्या मनात ते राहून गेलं की नाही हे कुणीतरी मला सांगावं. वर्षभर हा एकच प्रश्न घेऊन मी घराजवळच्या फुनाबोरी स्टेशनच्या पायऱ्या चढत-उतरत होते.

आम्ही तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर टोकियोत आलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आता ती कावासाकीला एका कंपनीत नोकरी करते आणि तिथेच एका खोलीच्या घरात राहते. मी निशी-कासाईच्या एका भारतीय किराणा दुकानात आठवड्यातले तीन दिवस बाइतो करते, म्हणजे आपली अर्धवेळ नोकरी. डाळी, मसाले, गोठवलेले पराठे. नवरा सॉफ्टवेअरमधला. पण जपानच्या आधी, माझ्याही आधी, त्याच्या आयुष्यात जर्मनी होती.

लग्नापूर्वी पुण्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षं दक्षिण जर्मनीतल्या एका गावी पाठवलं होतं. तिथे तो एका विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर राहायचा. सप्टेंबर संपता संपता तिकडे मोठा उत्सव असतो, लाखो लोक तंबूत बसून बिअर पितात. याला गर्दीची भीती. मग त्या बाई म्हणाल्या, आपण घरीच करू. दोन्ही वर्षं त्यांनी स्वयंपाकघरात सगळं साग्रसंगीत मांडलं आणि याला कसं खायचं ते शिकवलं. लोक परदेशातून सुऱ्या आणतात, घड्याळं आणतात. हा बाबा एक जेवण घेऊन आला, आणि ते त्याने आयुष्यभर सोडलं नाही.

त्या जेवणाचं सोवळं माझ्या सासूबाईंच्या वरताण होतं. सॉसेज पांढरे, जाडजूड, जरा बटबटीतच दिसणारे. ते उकळायचे नाहीत, नुसत्या गरम पाण्यात ठेवायचे, नाहीतर फुटतात. दुपारी बाराच्या आत संपवायचे. बारानंतर खाल्ले तर काय होतं, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, काही होत नाही, पण तसं खात नाहीत. मी म्हटलं, मग माझ्या उपासाला हसू नकोस. सॉसेजचं साल खायचं नसतं, उभी चीर देऊन ते सोलून काढायचं आणि आतला गर गोड मोहरीला लावून खायचा. आमची मुलगी लहानपणी ते सालासकट केचपात बुडवून खायची आणि तो हताश होऊन बघत बसायचा.

मी शाकाहारी. त्याला एक लाल मुठीचं पातेलं वेगळं दिलं होतं, ते फ्रिजच्या वर राहायचं, माझ्या भांड्यांत यायचं नाही. तरी त्या जेवणात माझाही वाटा होता बरं का. तिकडे बिअरबरोबर पांढरा मुळा खातात, त्याची लांबच लांब वळणदार फीत कापून मीठ लावून ठेवतात, मग त्याला पाणी सुटतं. जपानात मुळ्याला काय तोटा! तो मुळा मी कापायचे. कॅमाँबेर चीज, लोणी, कांदा आणि लाल तिखट एकत्र कुस्करून एक चटणीसारखं करतात, तेही मी करायचे, त्यात तिकडच्यापेक्षा दुप्पट तिखट. बटाट्याचं सॅलड माझं. तो सॉसेज सोलायचा, मी समोर बसून प्रेत्झेल मुळ्याबरोबर खायचे आणि त्याच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा वास येतो म्हणून नाक मुरडायचे. तो म्हणायचा, गव्हाची आहे, येणारच. दर वर्षी मी तेच म्हणायचे आणि दर वर्षी तो तेच उत्तर द्यायचा. सुखाचा संसार म्हणजे दुसरं काय असतं?

भांडण व्हायचं ते तारखांवरून. आता बघा, श्रावणात आमच्याकडे काही चालत नाही. मग गणपती. मग पितृपक्ष, मग नवरात्र. जर्मनांनी नेमका याच्या मध्ये उत्सव घातलेला. तो म्हणायचा, तुझ्या पंचांगात माझ्या जर्मनीला व्हिसाच मिळत नाही. आमचा गणपती गौरींबरोबर जातो. गौरी गेल्यावर अनंत चतुर्दशीपर्यंत जे चार-पाच दिवस मिळतात ते मी त्याला दिले होते. त्यात रविवार आला तर तो त्याचा, नाहीतर त्याने एक सुट्टी काढायची. तिकडे उत्सव सुरूही झालेला नसायचा, पण तो कुरकुर न करता करून टाकायचा. दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्यांवरून मी वेगळी कटकट करायचे. इथे कचऱ्याची पिशवी पारदर्शक लागते आणि बाटल्यांचा दिवस ठरलेला असतो. आमच्या इमारतीत आणखी चार मराठी घरं. गणपती उठून दोन दिवस नाही झाले आणि यांच्या पिशवीत बघा काय, असं कुणी म्हणू नये म्हणून मी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे. तो त्या पुन्हा उघड्या करून ठेवायचा, म्हणायचा, गुंडाळलेल्या घेत नाहीत.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं. आधी आम्ही ॲसिडिटी समजलो. मग डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलायचे आणि प्रत्येक वाक्यानंतर मुलीकडे बघायचे, तिने आम्हाला नीट समजावलं की नाही ते. सहा महिने, कदाचित वर्ष, असं ते म्हणाले. खाण्यापिण्याचं काय, असं मी विचारलं. जे आवडेल, जेवढं जाईल तेवढं खाऊ द्या, असं उत्तर आलं. मी ते पथ्य नसलेलं पथ्य घेऊन घरी आले आणि देव पाण्यात घालून बसले.

मी काय केलं ते स्पष्ट सांगते. मी देवीशी सौदा केला. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत माझ्या घरात एकही नेम चुकणार नाही, कांदा-लसूण नाही, मांस नाही, दारू नाही, अगदी जर्मनीचे ते पाच दिवससुद्धा नाहीत, आणि तू याला वर्ष दे. कुणाला सांगितलं नाही. असलं सांगायचं नसतं. मी शिकलेली बाई आहे, बी.एस्सी. केमिस्ट्री. तो रिपोर्ट मला कळत होता. पण रिपोर्टाला आपण काही देऊ शकत नाही, आणि मला कुणालातरी काहीतरी द्यायचं होतं.

गौरी गेल्या त्या पाच दिवसांत तो हॉस्पिटलातच होता, पित्तनलिकेत नळी घालायला. त्यामुळे त्याला नाही म्हणायची वेळ आली नाही. घरी आला तेव्हा पितृपक्ष लागला होता. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला होता, थोडी भूक लागत होती. एका सकाळी मी त्याला भाताची पेज देत होते तेव्हा तो म्हणाला, आता तिकडेही चालू झालाय उत्सव. बाल्कनीत नको, बाहेर नको, टेबलावर बसून करू या का एकदा? हळूच विचारलं त्याने. एरवी मागायचा तसं चिडवत नाही.

मी पेजेचा चमचा पुढे केला आणि म्हटलं, "पंधरवडा चालू आहे ना. मग घट बसतील. दसऱ्यानंतर करू, हवं तर रोज करू."

 तो म्हणाला, बरं. आणि पेज प्यायला. त्याने वाद घातला असता तर मी कदाचित विरघळले असते. इतकी वर्षं या माणसाने कचऱ्याच्या पिशवीवरून माझ्याशी वाद घातला, आणि नेमका तेव्हाच का गप्प बसला, याचा मला नंतर फार राग आला. मेलेल्या माणसावर रागावता येतं, हे मला माहीत नव्हतं.

पाचव्या माळेला पुन्हा ताप आला, नळीत संसर्ग झाला होता. आठव्या माळेला तो गेला. सुतक लागलं म्हणून शेजारच्या मराठी बाई येऊन आमच्या घटाचा दिवा आपल्या घरी घेऊन गेल्या. मी त्या दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. देवीला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दहन इथेच केलं. इथे भट्टीतून बाहेर आल्यावर घरच्यांनी लांब काड्यांनी हाडं उचलून कलशात ठेवायची असतात. मुलीने मला कसं धरायचं ते दाखवलं, ती कुठून शिकली कोण जाणे. मग कलश घेऊन आम्ही पुण्याला गेलो. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि मी कावळ्याकडे बघत उभी राहिले. इच्छा राहिली असेल तर तो शिवत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी तयारीत होते. तो शिवणार नाही, मग दीर पुढे होऊन काहीबाही कबूल करतील, मुलीचं लग्न करू, आईला सांभाळू. खरं कारण मला एकटीला माहीत होतं आणि ते मी सगळ्यांसमोर कसं बोलणार होते, की बाबा रे, तुझे सॉसेज देते? पण कावळा लगेच आला. आम्ही मागे सरकायच्या आत त्याने भातात चोच घातली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नणंद म्हणाली, बघ, तृप्त गेला. मला तेही खोटं वाटलं. घाटावरचे कावळे, त्यांचा तर तो धंदाच.

टोकियोला परत आले. दुकानात पुन्हा जायला लागले. मुलगी दर रविवारी यायची, फ्रिज साफ करायची, सरकारी कागद भरायची, जाताना माझ्याकडे न बघता बूट घालायची. आमच्यात बोलणं कमी झालं होतं. मला वाटायचं, ती माझ्यावर चिडलेली आहे. तिला ते माहीत होतं ना, की त्याने मागितलं आणि मी नाही म्हटलं. पेजेच्या त्या सकाळी ती इथेच होती, खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेली. भिंती कागदासारख्या आहेत इथल्या.

यंदा पितृपक्ष जवळ आला तेव्हा मी पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, इथे जमेल तसं सगळं करते, फक्त तिथी सांगा. त्यांनी हिशेब करून सांगितलं, की वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच पंधरवडा येतोय, तेव्हा यंदा त्यांचं पितृपक्षात करायचं नाही. वर्ष पूर्ण झाल्याशिवाय ते पितरांत जात नाहीत, पुढच्या वर्षीपासून करा. मी विचारलं, मग यंदा ते कुठे जेवणार? गुरुजी बिचारे वयस्कर. म्हणाले, ताई, असं नसतं ते, तुम्ही त्रास करून घेऊ नका.

फोन ठेवला आणि मी इतकी संतापले की दुपारचा चहा उतू गेला तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही. गेल्या वर्षी पंधरवडा होता म्हणून त्याला जेवायला मिळालं नाही. यंदा पंधरवडा त्याचा नाही म्हणून मिळायचं नाही. म्हणजे जिवंत असताना पितर आडवे आले आणि मेल्यावर पितरांत जागा नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण या माणसाच्या एका जेवणाला किती असावीत? मी मुलीला फोन केला आणि म्हटलं, ते जर्मन खाणं मागव. या रविवारी. पंधरवड्यात. घरी.

 ती जपानीत म्हणाली, खरंच का. मी मराठीत म्हटलं, खरंच.

शनिवारी संध्याकाळी थंड पेटी घेऊन कुरिअरवाला आला. त्यात सगळं होतं. पांढरे सॉसेज, बर्फासारखे कडक प्रेत्झेल, छोट्या डबीत गोड मोहरी, आंबवलेला कोबी, गव्हाच्या बिअरच्या तीन बाटल्या, आणि निळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागदी टेबलक्लॉथसुद्धा. जपानी माणूस उत्सव विकतो तेव्हा एकही गोष्ट विसरत नाही. मी मुळा आणून ठेवलाच होता.

रविवारी मुलगी नऊलाच आली. मी प्रेत्झेल ओव्हनमध्ये घातले, चीजची चटणी केली, मुळ्याला मीठ लावलं. लाल मुठीच्या पातेल्यात पाणी तिने तापवलं. मी तिला सांगत होते, उकळू देऊ नकोस, फुटतात. ती म्हणाली, माहितेय. आम्ही टेबलावर तीन पानं मांडली. तिसऱ्या पानापाशी त्याचा फोटो ठेवला, आणि मला हसू आलं, कारण फोटो पासपोर्टचा होता, मोठा करून घेतलेला, त्यात तो रागावल्यासारखा दिसतो. मुलीने ग्लास तिरका धरून बिअर ओतली, वर पांढरा फेस आला, आणि तिने तो त्याच्यापुढे ठेवला. घरभर केळ्याचा वास आला. मी म्हटलं, घे रे, उशीर झाला. आणि मग मला रडू आवरेना. आवरायचं तरी कुणासाठी? मुलीने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ती आपली उभी राहून पातेल्यात बघत होती.

साडेअकरा झाले होते. तिने एक सॉसेज त्याच्या पानात ठेवला आणि एक आपल्या. बसली. सुरीच्या टोकाने तिने स्वतःच्या सॉसेजला टोकापासून टोकापर्यंत उभी चीर दिली, काटा आत घालून गर फिरवला, आणि साल एका तुकड्यात, अख्खं, बाजूला काढून ठेवलं. अगदी तो काढायचा तसं. मी डोळे पुसत बघत होते. माझी ही मुलगी, केचपवाली. नोकरी लागल्यापासून ती आमच्या या जेवणाला आलेलीच नव्हती, गौरींच्या सुमाराला दर वर्षी तिचं काहीतरी काम निघायचं.

मी विचारलं, "हे कधी शिकलीस?"

तिने सुरी खाली ठेवली.  काही अवघड सांगायचं असलं की ती जपानीत जाते, पण या वेळी मराठीतच बोलली, शब्द शोधत. "बाबांनी शिकवलं. मागच्या वर्षी, माझ्याकडे. तू नाही म्हणालीस ना, त्याच्यानंतरच्या रविवारी."

मला तो रविवार आठवला. तो म्हणाला होता, लेकीचं इंटरनेट बंद पडलंय, बघून येतो. मी केवढी ओरडले होते. नळी बसवून महिना झाला नाही, दोन गाड्या बदलायच्या, आणि एवढी सॉफ्टवेअरमधली पोरगी, तिला आपलं इंटरनेट लावता येत नाही? तो गेलाच. संध्याकाळी आला तेव्हा जेवला नाही. तिच्याकडे खिचडी खाल्ली म्हणाला. मी मनात म्हटलं होतं, चला, खिचडी तरी करायला शिकली.

आता तिने सगळं सांगितलं. फोन तिनेच त्याला केला होता. तिने भिंतीपलीकडून ऐकलं होतं. म्हणाली, बाबा, माझ्याकडे या, माझ्या घरात पंचांग नाहीये. अशीच पेटी मागवली होती. तो आला तेव्हा थकला होता, आधी अर्धा तास पडून राहिला. मग उठून त्याने तिला पाण्याचं, सालाचं, बाराच्या आत संपवायचं, सगळं शिकवलं, आणि गंमत म्हणजे ती पहिल्यांदाच नीट शिकली. मुळ्याचं त्याने विचारलं. तिने मुळा आणला नव्हता. तो म्हणाला, जाऊ दे, तो आईच कापते.

मी विचारलं, "पोटभर खाल्लं का त्याने?"

दीड सॉसेज, ती म्हणाली. प्रेत्झेल अर्धा. बिअरचे चार-पाच घोट. मग तिच्या सोफ्यावर झोपला, दोन तास, घोरत. उठल्यावर म्हणाला, आता काही नको.

काय वाटलं सांगू? वर्षभर छातीवर बसलेलं ते धोंड्यासारखं ओझं उतरलं, आणि ते उतरतंय तोवरच मला राग आला. खाल्लं! माझ्या पाठीमागे, दोघांनी मिळून, माझ्याशिवाय. इतकी वर्षं मी समोर बसून मुळा खाल्ला आणि शेवटच्या पंगतीला मलाच बोलावणं नाही. आणि हे मला वर्षभर सांगितलं नाही, मी इथे झुरत असताना. मी तिला तसं म्हटलंही. म्हटलं, तुझ्या तोंडाला काय झालं होतं? एक फोन केला असतास तर मी जगले असते.

ती म्हणाली, "बाबांनी नको सांगितलं होतं. म्हणाले, आईने देवाशी काहीतरी ठरवलंय, तिला कळू देऊ नकोस, ती मोडलं म्हणेल."

त्याला माहीत होतं. मी कुणाला बोलले नव्हते, आणि तो पेज पिता पिता सगळं ओळखून बसला होता. म्हणून त्याने वाद घातला नाही. माझा सौदा शाबूत राहावा म्हणून तो दोन गाड्या बदलून कावासाकीला जेवायला गेला.

मी म्हटलं, बरं, पण तो गेल्यावर? तेव्हा तरी सांगायचंस.

ती त्या काढून ठेवलेल्या सालाकडे बघत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत ते गेले. मला वाटलं, तू म्हणशील, माझ्यामुळे."

आता खोटं कशाला लिहू. ती असं म्हणायच्या आधी, तिने तो रविवार उच्चारला तेव्हाच, माझं डोकं मोजायला लागलं होतं. पंधरवडा, मग घट, मग पाचवी माळ. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. नळीला संसर्ग जंतूंनी होतो, मला माहीत आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. तरी माझ्या मनात आलं, मोडलं म्हणून गेला. एक क्षणभर मी माझ्या मुलीकडे तसं बघितलं. आणि तिने नेमकी तेव्हाच मान वर केली.

मग मला दिसलं, की ही पोर वर्षभर दर रविवारी इथे येऊन फ्रिज का घासत होती. माझ्याकडे न बघता बूट का घालत होती. मला वाटत होतं ती माझ्यावर चिडली आहे. ती मला घाबरत होती.  मी माझा प्रश्न घेऊन फिरत होते तेवढ्याच दिवसांत तिने तिचा उचलला होता, आणि तिचा जास्त जड होता, कारण त्यात तिचा बाप मेला होता आणि तिला वाटत होतं, की आपण मारला.

मला उठून तिच्यापाशी जाता आलं असतं. मी बसल्या जागी टेबलक्लॉथच्या निळ्या चौकटी बघत राहिले.  देवी, पितर, गुरुजी, नळी, सगळे एकदम माझ्या तोंडाशी येऊन बसले होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. फार नसेल. एखादं मिनिट.

"बरं केलंस," मी म्हणाले. "बरं केलंस तू त्याला जेवायला घातलंस."

ती हो म्हणाली. पुढचा सॉसेज सोलायला घेतला. मी मनापासून म्हटलं होतं, आणि आजही रोज मनापासून म्हणते, फोनवर, मेसेजवर, जेव्हा सुचेल तेव्हा. ती दर वेळी हो म्हणते. पण ते म्हणायला मला एक मिनिट लागलं होतं, आणि त्या मिनिटात ती माझ्याकडे बघत होती.